तारा पकडा, फरक मोजा: दुर्बिणीच्या सेटिंग सर्कलचा उपयोग

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून उन्हाळ्याच्या रात्री चित्रा, स्वाती, मघा हे तारे सहज दिसतात. त्यांच्या मधल्या भागात मात्र नुसत्या डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही. दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ अशा ज्या वस्तूंसाठी आपण दुर्बीण घेतो, त्या नेमक्या याच रिकाम्या भासणाऱ्या जागांत असतात. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर असे टप्पे घेत वस्तूपर्यंत पोहोचण्याची पुस्तकी रीत इथे अडते, कारण वाटेतले पाचव्या-सहाव्या प्रतीचे तारे शहराच्या उजेडात बुडालेले असतात.

अशा वेळी उपयोगी पडणारे साधन इक्वेटोरियल माऊंट असलेल्या बहुतेक दुर्बिणींवर आधीपासूनच बसवलेले असते. माऊंटच्या दोन अक्षांवर आकडे कोरलेल्या दोन गोल चकत्या असतात. त्यांना सेटिंग सर्कल म्हणतात. नवे निरीक्षक एक-दोनदा त्या वापरून पाहतात, आकडे जुळवूनही आयपीसमध्ये काही दिसत नाही आणि चकत्या निरुपयोगी म्हणून सोडून देतात. चकत्या लहान आणि ढोबळ असतात हे खरे आहे. तरीही त्या योग्य रीतीने वापरल्या तर वस्तू सापडतात. ती रीत थोडक्यात अशी: चकतीवरच्या आकड्यावर थेट विश्वास ठेवू नका, जवळचा ठळक तारा पकडा आणि तिथून फक्त फरक मोजा.

चकत्या काय दाखवतात

पृथ्वीवरच्या गावाला जसे अक्षांश-रेखांश, तसे आकाशातल्या वस्तूला क्रांती आणि विषुवांश. क्रांती म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले अंतर. ते अंश आणि कला यांत मोजतात. उत्तरेला अधिक, दक्षिणेला उणे. विषुवांश वसंतसंपातापासून पूर्वेकडे मोजतात आणि तो तास-मिनिटांत लिहितात. पूर्ण वर्तुळाचे २४ तास, म्हणजे एक तास १५ अंशांचा आणि ४ मिनिटे एका अंशाची. विषुवांश वाढला की आपण पूर्वेकडे जातो, कमी झाला की पश्चिमेकडे, एवढे पक्के लक्षात ठेवा.

माऊंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की त्याभोवती फिरणारी चकती विषुवांश दाखवते आणि दुसऱ्या अक्षावरची क्रांती. ही कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. जयपूरच्या जंतरमंतरमधले चक्रयंत्र ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरते आणि त्याच्या कडेवरच्या खुणांवरून क्रांती वाचता येते. योसेफ फ्राउनहोफर यांनी १८२४ साली दोर्पाट वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीच्या माऊंटवर या अक्षांना घड्याळयंत्राची जोड मिळाली. आज हौशी निरीक्षकांच्या हातात असलेले 'जर्मन इक्वेटोरियल' माऊंट त्याच घडणीचे आहेत.

आकडा का चुकतो

छोट्या माऊंटवरच्या चकतीचा व्यास ६ सेंटिमीटर धरा. तिचा परीघ सुमारे १८८ मिलिमीटर भरतो. त्यात ३६० अंश बसवले की एका अंशाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिलिमीटर येतो. अनेक चकत्यांवर विषुवांशाची खूण दर १० मिनिटांना, म्हणजे अडीच अंशांना असते. मधला आकडा अंदाजानेच घ्यावा लागतो. दर्शक खूण जाड असते आणि डोळा थोडा तिरका झाला तरी वाचन बदलते.

यात ध्रुवाकडे रोखण्यातली चूक मिळते. अक्ष ध्रुवापासून एक अंश हुकला असेल, तर चकतीवरून थेट लावलेली वस्तूही साधारण एक अंशापर्यंत हुकू शकते. पण त्याच माऊंटवर १५ अंश दूरचा ठळक तारा आधी मध्यभागी घेतला आणि तिथून फरकाने गेलात, तर विषुववृत्ताच्या आसपासच्या भागात ही चूक साधारण पाव अंशापर्यंत खाली येते. दोन्ही जागी चूक बहुतांशी सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. उडी जितकी लहान, तितकी चूक कमी.

परांचन गतीमुळे ताऱ्यांचे विषुवांश-क्रांती हळूहळू बदलत असतात. २००० सालासाठी दिलेले आकडे आज वापरले तर पाव-अर्ध्या अंशापर्यंतचा फरक पडू शकतो. तारा आणि वस्तू या दोघांचे आकडे एकाच सालचे घेतले, तर हाही फरक बहुतेक नाहीसा होतो.

अक्ष ध्रुवाकडे रोखणे

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी असते. पणजीत ती साडेपंधरा अंश, कोल्हापुरात सुमारे पावणेसतरा, पुण्यात साडेअठरा, मुंबईत एकोणीस, नाशकात वीस आणि नागपुरात एकवीस अंश आहे. माऊंटवरच्या अक्षांशपट्टीवर तेवढे अंश लावा.

अनेक माऊंट युरोप-अमेरिकेतली उंची डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. आपल्याकडे अक्ष एवढा खाली आणताना प्रतिभाराचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो, किंवा पट्टी वीस अंशांखाली उतरतच नाही. अशा वेळी ट्रायपॉडचा उत्तरेकडचा पाय थोडा आखूड करा. माऊंट उत्तरेकडे कलतो आणि अक्ष हव्या त्या उंचीवर येतो. ट्रायपॉड अगदी समतल नसला तरी चालते. अक्ष ध्रुवाकडे असणे महत्त्वाचे. दुर्बीण डगमगत नाही ना, प्रतिभार नीट तोललेला आहे ना, एवढे मात्र पाहून घ्या.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. ध्रुवबिंदू ध्रुवताऱ्यापासून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या विरुद्ध बाजूला असतो. ध्रुवदर्शक दुर्बीण असेल तर तेवढी दुरुस्ती करा. नसेल तर अक्ष ध्रुवताऱ्यावर आणणेही या पद्धतीला पुरते.

आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा इतका खाली असतो की धुके, डोंगर किंवा समोरची इमारत त्याला सहज झाकते. तेव्हा होकायंत्राचा आधार घ्या. महाराष्ट्र-गोव्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे. होकायंत्र प्रतिभार, लोखंडी कठडा आणि गच्चीतल्या सळ्यांपासून दूर धरा. जमिनीवर आधी उत्तर-दक्षिण रेघ आखून ठेवली तर दर वेळी ट्रायपॉड तिच्यावर मांडता येतो.

चकत्या वाचनासाठी तयार करणे

दर्शक खूण जाड असेल तर तिच्या शेजारी पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी चिकटवा आणि तिच्यावर टोकदार पेन्सिलने एक रेघ ओढा. वाचन एकाच डोळ्याने आणि चकतीच्या अगदी समोरून घ्या. छोटे भिंग आणि मंद लाल प्रकाशाची टॉर्च जवळ असू द्या.

विषुवांशाच्या चकतीवर बहुधा आकड्यांच्या दोन ओळी असतात; एक उत्तर गोलार्धासाठी, दुसरी दक्षिण गोलार्धासाठी. दुर्बीण पूर्वेकडे वळवल्यावर जिच्यावरचे आकडे वाढतात ती ओळ आपली. क्रांतीच्या चकतीवर अधिक-उणे चिन्हे बहुधा नसतात. शून्याच्या कोणत्या बाजूला उत्तर आहे, ते आधी ठरवून घ्या.

फाइंडर आणि मुख्य दुर्बीण एकाच दिशेला पाहतात याची खात्री संध्याकाळी उजेड असतानाच, दूरच्या टॉवरवर करून घ्या. आयपीस कमी वर्धनाचा लावा. ९०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर वर्धन ३६ पट येते, आणि साध्या आयपीसमधून सुमारे १.४ अंश रुंदीचे आकाश दिसते. त्याच दुर्बिणीत १० मिलिमीटरचा आयपीस जेमतेम अर्धा अंश दाखवतो. पद्धतीची उरलेली पाव-अर्ध्या अंशाची चूक मोठ्या दृश्यक्षेत्रात सामावते, लहानात सामावत नाही.

एक उदाहरण: चित्रा ते सोंब्रेरो

सोंब्रेरो दीर्घिका, म्हणजे मेसिएच्या यादीतली एम-१०४, कन्या राशीच्या दक्षिण कडेला आहे. तिचा विषुवांश १२ तास ४० मिनिटे आणि क्रांती उणे ११ अंश ३७ कला. चित्रेचा विषुवांश १३ तास २५ मिनिटे आणि क्रांती उणे ११ अंश १० कला. फरक काढा: दीर्घिका चित्रेच्या ४५ मिनिटे पश्चिमेला आणि जवळपास अर्धा अंश दक्षिणेला आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास पुण्याहून ती क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच असते.

आता क्रमाने असे करा:

१. चित्रा आधी फाइंडरच्या, मग कमी वर्धनाच्या आयपीसच्या अगदी मध्यभागी आणा.

२. दोन्ही अक्षांचे क्लॅम्प हलकेच आवळा. क्रांतीची चकती फिरवता येत असेल तर ती उणे ११ अंश १० कलांवर आणा. नसेल तर जे वाचन येते ते लिहून घ्या आणि त्यातून फरक मोजा.

३. विषुवांशाची चकती १३ तास २५ मिनिटांवर आणा.

४. क्रांतीच्या अक्षावर अर्धा अंश दक्षिणेला जा आणि तो अक्ष आवळा.

५. विषुवांशाचा अक्ष सैल करून दुर्बीण पश्चिमेकडे वळवा. चकतीवर १२ तास ४० मिनिटे आली की थांबा आणि आवळा.

६. आयपीसमध्ये पाहा. डोळा काळोखाला सरावला असेल तर मध्याच्या आसपास लांबट, अंधूक प्रकाशाचा ठिपका दिसेल.

माऊंटला मोटर नसेल तर तिसरी ते पाचवी पायरी मिनिटभरात उरका. आकाश पश्चिमेकडे सरकत असते आणि एका मिनिटात पाव अंश निसटतो. पुढच्या वस्तूकडे जाताना पुन्हा एखाद्या ताऱ्यावर चकती लावून घ्या. मोटर असेल तर चकती मोटरबरोबर फिरते की जागीच राहते ते तपासा. जागीच राहत असेल तर मोटर असूनही प्रत्येक उडीआधी चकती नव्याने लावावी लागेल.

तारा आणि वस्तू याम्योत्तर वृत्ताच्या, म्हणजे उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जाणाऱ्या रेषेच्या, एकाच बाजूला असताना उडी घ्या. जर्मन माऊंट मध्येच उलटवावा लागला तर दुर्बीण आणि अक्ष यांच्यातले छोटे दोष वर येतात आणि फरकाची पद्धत आपला गुण गमावते.

आधी माऊंटची परीक्षा घ्या

अंधूक वस्तूकडे वळण्याआधी दोन ठळक ताऱ्यांमध्ये सराव करा. हिवाळ्यात मृगातले काक्षी आणि राजन्य सोयीचे. काक्षीचा विषुवांश ५ तास ५५ मिनिटे, क्रांती अधिक ७ अंश २४ कला. राजन्याचा विषुवांश ५ तास १४ मिनिटे, क्रांती उणे ८ अंश १२ कला. म्हणजे काक्षीवरून ४१ मिनिटे पश्चिमेला आणि साडेपंधरा अंश दक्षिणेला गेले की राजन्य दिसायला हवा. उन्हाळ्यात चित्रेवरून स्वातीकडे जा: ५१ मिनिटे पूर्वेला आणि ३० अंश २१ कला उत्तरेला.

दुसरा तारा मध्यापासून किती आणि कोणत्या बाजूला सरकलेला दिसतो, ते वहीत लिहा. चूक दर वेळी एकाच बाजूला येत असेल तर ती तुमच्या माऊंटची ओळख आहे. पुढच्या उडीत तेवढी भर किंवा घट करा. चूक कधी इकडे कधी तिकडे येत असेल तर क्लॅम्प सैल आहे, ट्रायपॉड हलतो आहे किंवा वाचन नीट होत नाही, असे समजा.

सरावासाठी काही जोड्या

व्याध ते एम-४१: १ मिनिट पूर्वेला, ४ अंश दक्षिणेला. हा मोठा आणि उजळ तारकागुच्छ आहे. पहिल्याच रात्री यश देणारा.

ज्येष्ठा ते एम-४: ६ मिनिटे पश्चिमेला, क्रांती जवळपास तीच. गोलाकार तारकागुच्छ, पावसाळ्याआधी मे महिन्यात पाहा.

रोहिणी ते क्रॅब तेजोमेघ, एम-१: ५९ मिनिटे पूर्वेला, साडेपाच अंश उत्तरेला. १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचे हे अवशेष. शहरात अवघड, गावाकडे सोपे.

अभिजित ते कंकण तेजोमेघ, एम-५७: १७ मिनिटे पूर्वेला, पावणेसहा अंश दक्षिणेला. आकाराने लहान पण घट्ट प्रकाशाचा, म्हणून शहरातूनही दिसतो. कमी वर्धनात तो फुगीर ताऱ्यासारखा दिसतो. सापडल्यावर वर्धन १०० पटींपर्यंत वाढवा.

अभिजित ते एम-१३: १ तास ५५ मिनिटे पश्चिमेला, २ अंश १९ कला दक्षिणेला. उडी मोठी आहे, पण शौरीतला हा गोलाकार गुच्छ उजळ असल्याने थोड्या शोधाने हाती लागतो.

श्रवण ते डंबेल तेजोमेघ, एम-२७: ९ मिनिटे पूर्वेला, जवळपास १४ अंश उत्तरेला. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी उत्तम.

मिराक ते देवयानी दीर्घिका, एम-३१: २७ मिनिटे पश्चिमेला, ५ अंश ३९ कला उत्तरेला. नोव्हेंबर-डिसेंबरसाठी.

वस्तू दिसली नाही तर

चकत्यांनी तुम्हाला योग्य मोहल्ल्यात आणून सोडले आहे असे समजून शोध सुरू करा. विषुवांशाच्या स्लो मोशन नॉबने अर्धे दृश्यक्षेत्र पूर्वेला, मग अर्धे पश्चिमेला जा. परत मध्यावर या, क्रांतीत अर्धे दृश्यक्षेत्र वर जा आणि तीच झाडणी पुन्हा करा. मग तसेच खाली. अंधूक वस्तूकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवा. नळीला बोटाने हलकी टिचकी मारली तर हलणारा अंधूक ठिपका डोळ्याला पटकन जाणवतो. एवढे करूनही काही दिसले नाही तर ताऱ्यावर परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात करा. चंद्र आकाशात असेल, किंवा वस्तू क्षितिजापासून २० अंशांच्या खाली असेल, तर तो दिवस त्या वस्तूचा नव्हे.

मोटर नको, फक्त वाट पाहा

विल्यम हर्शेल दुर्बीण जवळपास स्थिर ठेवत आणि पृथ्वीच्या फिरण्याने जे आकाश समोरून सरकत जाई ते तपासत. नवी वस्तू दिसली की ओळखीच्या ताऱ्यापासून तिचा वेळेचा आणि उंचीचा फरक नोंदला जाई. बहीण कॅरोलाइन या नोंदी उतरवून घेत. अशा झाडणीतून त्यांनी सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि गुच्छांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. फरक मोजण्याची आपली पद्धत मूळची हीच आहे.

तुम्हीही हे करू शकता. मघा मध्यभागी आणा, क्रांतीत एक अंश उत्तरेला जा, दोन्ही क्लॅम्प आवळा आणि दुर्बिणीला हात लावू नका. बरोबर ७२ मिनिटांनी सिंह राशीतली एम-६६ दीर्घिका दृश्यक्षेत्राच्या मध्यापाशी येईल. तिची शेजारीण एम-६५ दीडेक मिनिट आधी येऊन गेलेली असेल. यासाठी मोटर लागत नाही आणि अक्ष ध्रुवाकडे तंतोतंत असण्याचीही गरज नाही. आकाश मात्र काळोखे हवे.

डॉब्सोनियन असेल तर

डॉब्सोनियन दुर्बीण वर-खाली आणि आडवी फिरते. तिला विषुवांशाची चकती बसवता येत नाही. पण तळाच्या फळीवर ३६० अंशांची छापील पट्टी आणि नळीवर बाजारात मिळणारा डिजिटल कोनमापक लावला तर तेच काम होते. मोबाईलवरच्या स्टेलेरियमसारख्या ॲपमध्ये वस्तूची उंची आणि दिगंश त्या क्षणी किती आहेत ते पाहा. इथेही आधी जवळचा तारा मध्यावर आणा, त्याचे ॲपमधले आणि पट्टीवरचे आकडे यांतला फरक लिहा आणि तेवढी दुरुस्ती करून वस्तूकडे वळा. हे आकडे दर मिनिटाला बदलतात, म्हणून ॲप पाहून लगेच दुर्बीण फिरवा.

शेवटी

बटण दाबताच वस्तूवर जाणाऱ्या संगणकीय दुर्बिणी आज मिळतात आणि त्या चांगल्याही आहेत. तरीही ज्याच्याकडे साधा इक्वेटोरियल माऊंट आहे त्याने नवी खरेदी करण्याआधी या दोन चकत्यांना पुरेशी संधी द्यावी. त्यांच्या साहाय्याने वस्तू शोधणाऱ्याला कोणता तारा कोणाच्या पूर्वेला, किती अंशांवर, हे काही महिन्यांत पाठ होते, आणि ते ज्ञान कोणत्याही दुर्बिणीबरोबर कामाला येते. हाताशी धरून दाखवणारे कोणी हवे असेल तर पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ किंवा आपल्या गावातला आकाशनिरीक्षकांचा गट गाठा. पुढच्या निरभ्र रात्री दोन ठळक ताऱ्यांमधली उडी करून पाहा, वही सोबत ठेवा आणि तो सराव जमला की व्याधाखालच्या एम-४१पासून सुरुवात करा.